ताऱ्यांचा फोटो आणि शेजारची वही





गेल्या उत्तरायणानंतरची गोष्ट. शाळेत एक मोबाइल माझ्या टेबलाच्या खणात जमा झाला. नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात तो सापडला होता. शाळेत मोबाइल आणायचा नाही हा नियम सर्वांना माहीत आहे, आणि तो मीच केलेला आहे. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन वडील आले. फोन परत देताना मी जरा कडक आवाजात विचारले, "एवढे काय असते रे यात?"

त्याने काही न बोलता एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. काळपट आकाशात तीन तारे एका ओळीत, त्यांच्याभोवती चौकोन करून चार तारे, आणि कोपऱ्यात तारेवर अडकलेला एक पतंग. मृग नक्षत्र होते ते. उत्तरायणाच्या रात्री घरचे सगळे खाली उंधियू-जिलेबी खायला बसले असताना याने आगाशीवर फिरकीला फोन टेकवून तो फोटो काढला होता.

मी विचारले, "किती वाजता काढलास? कोणत्या दिशेला? फोनने किती सेकंद प्रकाश घेतला?" त्याला यातले काहीच सांगता आले नाही.

त्या दिवशी दोन चुका माझ्या लक्षात आल्या. एक माझी. फोन म्हणजे केवळ खेळणे, असे मी धरून चालले होते. दुसरी त्याची. त्याने आकाश पाहिले होते, पण नोंद केली नव्हती. नोंद नसेल तर सुंदर फोटो भिंतीवर लावता येतो, पण त्यातून काही सिद्ध करता येत नाही. हा पाठ त्या दोन्ही चुका सुधारण्यासाठी लिहीत आहे.

डोळ्याला जे दिसत नाही ते फोनला कसे दिसते?

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते. लहान वयात ती सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे भोक मात्र जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचे असते. म्हणजे व्यास निम्मा, आणि क्षेत्रफळ पाव. या हिशेबाने फोनला डोळ्यापेक्षा कमी दिसायला हवे.

पण डोळा प्रकाश साठवत नाही. साधारण एक दशांश सेकंदात जेवढा प्रकाश आला, त्याचे चित्र मेंदूकडे पाठवून तो मोकळा होतो. फोन मात्र १५ सेकंद झाकण उघडे ठेवून प्रकाश गोळा करू शकतो. एक दशांश सेकंदाच्या तुलनेत १५ सेकंद म्हणजे १५० पट वेळ. भोक पाव असल्यामुळे १५० ला ४ ने भागा, उत्तर सुमारे ३७ येते. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा कळतो. पावसाळ्यात छोटी वाटीसुद्धा बराच वेळ बाहेर ठेवली तर भरते, तसेच हे आहे.

मग १५ ऐवजी १५० सेकंद का ठेवू नये? कारण पृथ्वी फिरते आहे. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. आपण गच्चीसकट फिरत असल्यामुळे तारे सरकताना दिसतात. फार वेळ झाकण उघडे राहिले तर ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी १० ते १५ सेकंद ही बेताची मर्यादा आहे.

साहित्य

१. मोबाइल. त्यात 'नाइट' किंवा 'प्रो' अशी सोय असावी. २०१९ नंतर अनेक कंपन्यांनी फोनमध्ये रात्रीच्या फोटोची सोय दिली आहे. सर्वच फोनमध्ये ती नसते, म्हणून नवा फोन मागू नये. ज्या घरी आहे त्या घरच्या गच्चीवर दोन-चार मित्रांनी मिळून काम करावे.
२. फोन स्थिर ठेवण्यासाठी आधार. तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर दोन विटा, पुस्तकांची चळत, तांदळाची छोटी पिशवी किंवा फिरकी चालेल.
३. वही, पेन्सिल, घड्याळ, आणि लाल जिलेटिन कागद गुंडाळलेली बॅटरी. लाल उजेडाने अंधाराला सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही.
४. सोबत घरातले एक मोठे माणूस. गच्चीच्या कठड्यावर चढायचे नाही आणि फोन कठड्याच्या कडेवर ठेवायचा नाही.

कृती

गच्चीवर गेल्यावर १५ मिनिटे फोन खिशातच ठेवा. डोळे अंधाराला सरावू द्या. आधी स्वतः पाहा, मग फोनला दाखवा.

फ्लॅश बंद करा. झूम करू नका, १ हा आकडा दिसतो तोच मुख्य कॅमेरा वापरा. 'प्रो' सोय असेल तर वेळ १० सेकंद, आय.एस.ओ. ८०० पासून सुरुवात आणि फोकस अनंतावर (आडव्या आठच्या खुणेवर, काही फोनमध्ये डोंगराच्या चित्रावर). बटण दाबताना फोन हलतो, म्हणून ३ किंवा १० सेकंदांचा टायमर लावा आणि हात दूर घ्या. चित्र फार उजळ आले तर आय.एस.ओ. कमी करा. फार काळे आले तर वाढवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. फोटो झाल्याबरोबर वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, वेळ (मिनिटासकट), जागा, दिशा, आणि किती सेकंद. सहावी गोष्ट म्हणून डोळ्यांना काय दिसले तेही लिहा. उदाहरणार्थ, कृत्तिकेच्या पुंजक्यात मला किती तारे मोजता आले आणि फोनमध्ये किती आले.

ताऱ्याचे नाव घरी जे म्हणतात ते लिहा. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. वर्गात मी 'लुब्धक' शिकले आणि घरी आजी त्याच ताऱ्याला 'व्याध' म्हणायची. दोन्ही एकच आहेत हे कळायला मला बरीच वर्षे लागली. मृगाला शेजारच्या गुजराती आजी 'हरणी' म्हणतात. आपण वडोदऱ्याची मराठी माणसे दोन-तीन भाषांत जगतो, तर तिन्ही नावे लिहिली तरी काही बिघडत नाही. दिशा आणि वेळ मात्र अचूक हवी.

एक तासाचा प्रयोग

आता या फोटोतून काही सिद्ध करू या. जानेवारीच्या मध्यात रात्री ८ वाजता उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात लांब करून मूठ वळली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून दोन मुठी आणि थोडे वर, म्हणजे सुमारे २२ अंशांवर, ध्रुव दिसेल. २२ अंशच का? कारण वडोदऱ्याचे अक्षांश सुमारे २२.३ आहेत. ध्रुवाची उंची मोजणे म्हणजे आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते मोजणे.

ध्रुवाच्या वर, डाव्या हाताला, 'एम' अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसेल. फोन उभा ठेवून अशा रीतीने टेकवा की ध्रुव चित्राच्या मध्यभागी येईल आणि शर्मिष्ठाही चित्रात राहील. मध्यभागी का, ते समजून घ्या. फोनची रुंद नजर चित्राच्या कडांना ताण देते. पण मध्यबिंदूभोवतीचे कोन बिघडत नाहीत.

ठीक ८ वाजता पहिला फोटो काढा. फोन न हलवता ९ वाजता दुसरा. मधल्या तासात फोनला हात लावायचा नाही, आणि माझ्या मते हाच या प्रयोगातला सर्वांत अवघड भाग आहे.

आता टॅब्लेटचे काम. ताऱ्यांचे फोटो काढायला टॅब्लेट फारसा सोयीचा नाही. तो जड असतो, टेकवायला त्रास होतो, आणि बहुतेक टॅब्लेटचे कॅमेरे फोनच्या मानाने साधे असतात. पण मोजमापाला त्याचा मोठा पडदा फार उपयोगी आहे. पहिला फोटो टॅब्लेटवर मोठा करून उघडा, वर पारदर्शक कागद ठेवा, ध्रुव आणि शर्मिष्ठेचा एक ठळक तारा यांवर ठिपके द्या आणि ते रेघेने जोडा. मग दुसरा फोटो तेवढाच मोठा करून ध्रुवावर ध्रुव ठेवा आणि तीच रेघ पुन्हा काढा. दोन रेघांमधला कोन कोनमापकाने मोजा.

उत्तर १५ अंशांच्या जवळ येईल. शर्मिष्ठा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकलेली दिसेल. पृथ्वी फिरते हे आपण पहिलीपासून पाठ करतो. या वेळी तुम्ही ते स्वतः मोजलेले असेल.

दुसरा भाग आणखी गोड आहे. त्याच जागेवरून, त्याच वेळी म्हणजे रात्री ८ वाजता, बरोबर १५ दिवसांनी तिसरा फोटो काढा. घड्याळ तेच, तरी शर्मिष्ठा पुन्हा १५ अंशांच्या आसपास सरकलेली असेल. हा कोन पृथ्वी सूर्याभोवती पुढे गेल्याचा आहे. तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर येतात, पंधरा दिवसांत ते एक तास होते. एका गच्चीवरून, तीन फोटोंत, पृथ्वीच्या दोन्ही गती हाती आल्या. पण वहीत वेळ लिहिलेली नसेल तर हे तीन फोटो केवळ तीन फोटोच राहतील.

(शंका येईल म्हणून सांगते: ध्रुवसुद्धा पूर्ण स्थिर नाही. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे. आपल्या मोजमापात तेवढा फरक चालतो.)

जेऊरची दोन मिनिटे

असे काम मराठी मुलखात फार पूर्वी झाले आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीने पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये एक वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख होते. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. गुजरातच्या राजाचे धन, पारशी प्राध्यापक आणि पुणे शहर! आपल्यासारख्या गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसांना हा संगम विशेष जवळचा वाटावा.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे घेऊन गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच आली होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काचेच्या पट्ट्यांवर सूर्याच्या प्रभेची आणि तिच्या वर्णपटाची छायाचित्रे घ्यायची होती. कोणती पट्टी केव्हा उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली, याच्या नोंदीवर सगळे अवलंबून होते. ढग आले किंवा हात चुकला तर पुन्हा संधी नाही. आपल्या फोनमध्ये हजार फोटो फुकट निघतात, म्हणून आपण एकही नीट काढत नाही. जेऊरची ती दोन मिनिटे आठवावीत.

(विद्यार्थ्यांना सक्त सूचना: सूर्याकडे फोन, दुर्बीण किंवा उघडा डोळा कधीही रोखायचा नाही. ग्रहणाच्या वेळी तर मुळीच नाही.)

जुन्या नोंदी कशा कामी येतात याचे अलीकडचे उदाहरण पाहा. मृगातला तांबूस तारा काक्षी २०१९ च्या अखेरीस मंद होऊ लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या साधारण एक तृतीयांशावर आले आणि मग पुन्हा वाढले. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, असे शास्त्रज्ञांनी पुढे दाखवले. त्या तीन-चार महिन्यांत आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने दर आठवड्याला एकाच पद्धतीने मृगाचा फोटो काढून तारीख लिहिली असती, तर हा बदल त्याच्या वहीत दिसला असता. साध्या डोळ्यांनाही तो कळत होता.

फोटो खरा आहे का?

हा प्रश्न आज फार महत्त्वाचा झाला आहे. नवे फोन जे दिसते तेच दाखवतात असे नाही. ते अनेक फोटो एकमेकांवर ठेवतात, ठिपके पुसतात, रंग वाढवतात. यातले बरेचसे उपयोगीच आहे. पण २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनविषयी चर्चा झाली. कोणीतरी चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीत लांबून फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे खड्डे स्पष्ट आले. मूळ चित्रात ते नव्हतेच, फोनने आपल्या शिकवणीतून ते भरले होते.

मुलांनी यातून फसवणुकीची भीती नव्हे, परीक्षा करण्याची सवय घ्यावी. परीक्षा सोपी आहे. एकाच जागेचे लागोपाठ दोन फोटो काढा. जो ठिपका दोन्हींत त्याच जागी आहे तो बहुधा तारा. जो एकातच आहे तो कॅमेऱ्यातला दोष असू शकतो. सरळ रेघ आली तर विमान किंवा उपग्रह असेल. शेवटी नकाशाशी ताडून पाहा. तारांगणाचे मोफत नकाशे टॅब्लेटवर चालतात. आपल्या कमाटीबागेतल्या तारांगणात आपल्यापैकी अनेकांनी पहिली नक्षत्रे पाहिली. पण तिथे छतावर दाखवलेले आकाश आणि गच्चीवर स्वतः शोधलेले आकाश यांत फरक आहे, तो मुलांना अनुभवू द्या.

पालकांसाठी दोन शब्द

शाळेच्या वेळेत मोबाइल आणायचा नाही हा नियम बदललेला नाही आणि बदलणार नाही. पण घरी महिन्यातून दोन रात्री, अर्धा तास, तुमचा फोन मुलाच्या हाती द्या आणि स्वतः त्याच्याबरोबर गच्चीवर जा. फोन 'विमान' अवस्थेत ठेवला तर मेसेज येत नाहीत आणि मन भटकत नाही. शेजाऱ्यांच्या घराकडे कॅमेरा वळवू नये हेही शिकवा. मुलगा फोनमध्ये काय करतो ही काळजी आम्हालाही आहे. पण नुसते हिसकावून घेतल्याने तो फोन वापरणे थांबवत नाही, आपल्याला दाखवणे थांबवतो. त्या नववीतल्या मुलाने मला तो फोटो दाखवला नसता तर मी त्याला एक नियम मोडणारा मुलगा एवढेच समजत राहिले असते.

विश्वस्त मंडळास विनंती

शाळेच्या मैदानावर गेल्या वर्षी मोठे दिवे बसवले ते माझ्याच आग्रहावरून. सुरक्षेसाठी ते हवेच होते. पण फेब्रुवारीत आम्ही काही मुलांना घेऊन मैदानावर मृगाचा फोटो काढायला गेलो, तेव्हा चित्र सगळे पांढरट आले. फोन ताऱ्यांचा प्रकाश साठवतो तसा दिव्यांचाही साठवतो. फोन कितीही महाग असला तरी यावर इलाज नाही. तो दोष माझा आहे, दिवे मागवताना मी आकाशाचा विचार केला नव्हता.

इलाज मात्र खर्चिक नाही. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' ही मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या काही गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून खाली तोंड असलेले दिवे लावले गेले. गावात उजेड राहिला आणि आकाशही राहिले. आपल्या मैदानावरच्या दिव्यांना टोपण बसवून तोंड जमिनीकडे करावे, आणि अमावास्येच्या आसपास महिन्यातून एका संध्याकाळी, शिक्षक हजर असताना, दोन तास ते बंद ठेवावेत, अशी माझी लेखी विनंती मंडळाकडे पाठवली आहे. वडोदरा पेंच होणार नाही हे मला कळते. पण मुलांना ध्रुव सापडेल एवढा अंधार आपण नक्की देऊ शकतो.

स्वाध्याय

१. ध्रुवाची उंची मुठीने मोजा. तुमचे उत्तर २२ अंशांच्या किती जवळ आले?
२. कृत्तिकेत डोळ्यांनी किती तारे दिसले? फोनमध्ये किती? आजी-आजोबांना किती दिसतात तेही विचारा.
३. त्याच जागेवरून ५ सेकंद, १० सेकंद आणि ३० सेकंद असे तीन फोटो काढा (फोनमध्ये सोय असल्यास). ठिपक्याची रेघ केव्हा होते?
४. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून दीड मूठ उंचीवर, अगस्ती शोधा. पुण्याहून तो जास्त उंच दिसेल की कमी? का?
५. एक तासाचा प्रयोग करून कोन किती आला ते कळवा. १५ आला नाही तरी आहे तोच आकडा लिहा. खोटा १५ लिहिण्यापेक्षा खरा १२ मला जास्त आवडेल.

वह्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विज्ञान शिक्षकांकडे द्याव्यात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर महिनाअखेरीस दिले तरी चालेल. निवडक नोंदी पुढील अंकात फोटोंसह छापू. ज्या फोटोशेजारी वेळ, दिशा आणि सेकंद नसतील तो छापणार नाही, मग तो कितीही सुंदर असो.

आणि हो, त्या मुलाने परवा येऊन मला एक वही दाखवली. पहिल्या पानावर त्याने तोच जुना उत्तरायणाचा फोटो चिकटवला आहे. खाली लिहिले आहे: "वेळ माहीत नाही, दिशा बहुतेक पूर्व, सेकंद माहीत नाही." दुसऱ्या पानापासून सगळ्या नोंदी पूर्ण आहेत. मी त्या पहिल्या पानावरही सही केली.

सर्वांना निरभ्र आकाशाच्या शुभेच्छा.

आपली,
आचार्या